येथे गाणी मरून मिळतील

हे मी सोता लिवलंय, तेवढं आधी सांगून टाकतो. संपादकसाहेब म्हणले, "मारुतराव, तुमी नुसतं बोला, आमचा माणूस लिवून घेतोय." मी म्हणलं, न्हाय. मी अक्षरं शिकलो चाळिशी उलटल्यावर, आन त्यासाठी जे गमावलं ते माझं न्हवतं, दुसऱ्याचं हुतं. मंग ती अक्षरं न वापरून कसं चालंल? ह्या पानांस्नी मला दोन महिनं लागल्यात. वेलांट्यांचं काय ते संपादकसाहेब बगतील. मला पयली आन दुसरी, दोन्ही जुळ्या बहिणी वाटत्यात.

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या रस्त्याला माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान हुतं. दुकान कसलं, दोन दुकानांच्या मधी उरलेली फट. आत उभा ऱ्हायलो की पाठ रेकॉर्डांच्या फळीला आन पोट काउंटरला टेकायचं. पुढं पोट वाढलं तसा काउंटर बाहीर सरकवला, रस्ता तेवढा कमी झाला.

आताच्या पोरांस्नी सांगाय पायजे, कॅसेट भरून देणं म्हंजे काय. तवा नवीन कॅसेट इकत घेतली तर त्यातली दोन गाणी आवडायची, आठ गळ्यात पडायची. म्हणून माणसं आपली आपली गाणी निवडून चिठ्ठीवर लिवून आणायची आन म्हणायची, एवढी भरून द्या. साठची कॅसेट म्हंजे एका अंगाला अर्धा तास, नव्वदची म्हंजे पाऊण तास. गाणी अशी बसवायची की शेवटचं गाणं अर्ध्यात तुटाय नको. आन कॅसेटच्या पाठीला दोन बारक्या पाकळ्या असत्यात. पाकळी मोडली की त्या कॅसेटवर परत काय भरता येत न्हाय, आतलं गाणं शाबूत ऱ्हातंय. पण त्या भोकात कागदाचा बोळा कोंबला की मशीन फसतंय आन परत भराय लागतंय. जुन्या कॅसेटीवर नवं भरून मागणारी लई, त्यामुळं बोळा कोंबायचं काम माझ्या बोटांस्नी एवढं सवयीचं झालतं, की डोस्कं न वापरता हुयाचं. तसं डोस्कं मी बाकीच्या कामाला बी वापरत न्हवतो.

आता खरी भानगड. गिऱ्हाईक चिठ्ठी आणायचं आन मला वाचाय येत न्हवतं. शाळेत मी दोन वर्षं गेलतो, दोन्ही वर्षं पयलीत. पेन्शिल हातात धरली ती गुंतलेली टेप गुंडाळायला.

मंग मी एक रीत काढली. चिठ्ठी घ्यायची, तिच्याकडं बगून मान हलवायची, आन गल्ल्यात टाकायची. वर म्हणायचं, "पावणं, चिठ्ठीचं ऱ्हाऊ द्या, गुणगुणून दाखवा. एका नावाची धा गाणी असत्यात, घोटाळा हुतोय. आमच्या दुकानाची रीतच हाय ही." लोकांस्नी वाटायचं, काय जाणकार माणूस हाय! भर रस्त्यात उभी ऱ्हाऊन म्हाताऱ्यापासनं पोरापर्यंत सगळी माझ्याम्होरं गायची. मी बारका मायक्रोफोन धरून ते एका रफ कॅसेटीवर टिपून ठेवायचो, मंग दुपारी सवडीनं ऐकत गाणं हुडकायचो. रेकॉर्डांवर खुणा केलत्या लेकीच्या नेलपॉलिशनं. लाल ठिपका प्रेमाचं, पांढरा देवाचं, जांभळा रडायचं.

एकदा गगनबावड्याच्या घाटात गाडी चालवणारा एक ड्रायव्हर आला. म्हणला, "जागं ठेवणारी गाणी द्या." लेकीनं बाटलीत बाटली ओतलेली, लाल आन जांभळा एकच झालता. मी आपली नव्वदची भरून दिली. आठ दिवसांनी आला आन काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणला, "मालक, पयलं गाणं लागलं आन मला आई आठवली. दुसऱ्याला झोप आली. तिसऱ्याला समोर दरी हुती की वो!" म्हणजे मी माणसं मारायच्या बेतात हुतो, आन ते माझ्या पाटीवर आधीच लिवलेलं हुतं, हे मला ठावच न्हवतं.

पाटीचं सांगायचंच ऱ्हायलं. दत्तू पेंटरला मी सांगितलतं, लिव, 'येथे गाणी भरून मिळतील'. तेनं निळ्यावर पिवळी अक्षरं काढली, झकास. पण 'भ' काढताना डोक्यावरची रेघ मधी तोडायची ती तेनं तोडली न्हाय, आन डाव्या अंगाचा आकडा इसरला. 'भ'चा झाला 'म'. पाटीवर आलं, 'येथे गाणी मरून मिळतील'. ह्या पाटीला मी दोन वर्षं दसऱ्याला हार घातला. गिऱ्हाईक वर बगून हसत हसत आत यायचं आन मला वाटायचं, काय पायगुण हाय आपल्या दुकानाचा!

ती पाटी मला वाचून दाखवली वत्सलावहिनींनी.

वहिनी म्हंजे कांबळेसाहेबांच्या मालकीण. कांबळेसाहेब बिद्रीच्या साखर कारखान्यात काट्यावर नोकरीला, उसाच्या गाड्या तोलायचं काम. बोलणं काट्यावरचंच, एक शब्द जादा न्हाय. घर बावड्यातच, रोज एसटीनं जाऊन येऊन. नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. एका रविवारी दोघं आली. साहेबांनी चिठ्ठी दिली, मी मान हलवून गल्ल्यात टाकाय गेलो आन म्हणलं, "गुणगुणून दाखवा."

"मला येत न्हाय," साहेब म्हणले. "हिला येतंय." आन ते समोर पानाच्या दुकानाकडं गेले.

"मी न्हाय म्हणत," वहिनी म्हणल्या. "रस्त्यात काय गायचं? माझा आवाज म्हंजे पिठाची गिरणी."

"वहिनी, सकाळीच एक पैलवान गाऊन गेलाय. मांडी ह्या खांबाएवढी, आन आवाज असा बारीक, की मी बाहीर बगितलं, कोण पोरगी आलीय म्हणून."

हे खरं हुतं. त्या टायमाला सगळ्यांच्या कानात बारीक, उंच आवाजच बसलेला. बाईचं गाणं म्हंजे रेशमाचा दोरा. मंग घरात कितीबी भरदार बोलणारी बाई असू दे, गाणं म्हणाय लागली की गळा आवळून बारीक करायची. पैलवानसुद्धा.

वहिनी हसल्या. म्हणल्या, "मी जयंतीला गातो. माईक नसायचा आमच्याकडं, मैदानाच्या पल्याडच्या माणसाला ऐकू गेलं पायजे, म्हणून छातीतनं गायाय शिकलो. आता पोरी म्हणत्यात, काकू, तुमचा आवाज जुना झाला." (आमच्याकडं बायका बी 'मी गातो, मी जातो'च म्हणत्यात, बाहीरच्या वाचकांनी दचकू ने.) "पण चिठ्ठीत न्हाय असं एक गाणं हाय. मी लहान असताना ग्रामपंचायतीचा रेडिओ हुता. आमी भाईर वट्ट्याखाली उभं ऱ्हाऊन ऐकायचो. तेच्यात एक बाई गायची. माझ्यासारखीच, दांडगी. तिचं नाव ठाव न्हाय, शब्द बी आठवत न्हाईत. चाल तेवढी हाय."

मी तांबडं बटण दाबलं आन मायक्रोफोन म्होरं केला. वहिनींनी डोक्यावरचा पदर नीट केला आन सूर लावला.

मी आजपर्यंत कितीतरी माणसांचं गुणगुणणं ऐकलंय. पण काउंटरवरच्या कॅसेटींच्या रिकाम्या डब्या एका माणसाच्या आवाजानं टिकटिक वाजाय लागल्यात, हे तवाच बगितलं, एकदाच. तोंड मिटलेलं हुतं त्या बाईचं. नुसतं हूं हूं. समोर सायकलवरनं चाललेला दूधवाला एक पाय टेकून उभा ऱ्हायला. मला वाटलं, मी आतापर्यंत गाणं म्हणून जे इकत हुतो ती वरची साय हुती, आन खाली दूध किती हाय ते मला कुणी सांगितलंच न्हाय.

गाणं थांबलं. वहिनींची नजर वर गेली.

"भाऊ, ही पाटी कुणी लिवली रं?"

"का? झकास हाय की."

तेंनी वाचून दाखवली. मी तिथल्या तिथं म्हणलं, "व्हय, ते मुद्दाम लिवलंय. गिऱ्हाईक हसत येतंय."

वहिनींनी माझ्या हातातली चिठ्ठी काढून घेतली आन परत माझ्याम्होरं धरली. "मंग हे वाच."

मी खाकरलो. म्हणलं, "गाण्याचं नाव हाय. चांगलं अक्षर हाय साहेबांचं."

"चिठ्ठी उलटी हाय, भाऊ."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, पण पोटामुळं ते बी जमलं नसतं. मी तेंना शप्पत घातली, वहिनी, कुणाला सांगू नका, धंदा बसंल. त्या म्हणल्या, "न्हाय सांगत. पण शीक रं. मी शिकवतो की, दुपारी यीत जा." मी व्हय म्हणलं. गेलो न्हाय. पाटी बी तशीच ठेवली. पेंटरला बोलवून सांगायचं काय, चूक कुणी दाखवली?

ते गाणं मला घावलं न्हाय. सगळ्या फळ्या हुडकल्या, दुसऱ्या दुकानात इचारलं. ती दांडग्या आवाजाची बाई कोण हुती, अजून ठाव न्हाय.

मधल्या वर्षांत माझ्या काउंटरवर लई काय काय झालं. ढोल-ढमाक्याची गाणी आली. पोरं गुणगुणंनात, बोटाच्या पेरांनी काउंटर वाजवून दाखवाय लागली. "काका, ढिक ढिक ढ्याढिक हे द्या." मी म्हणायचो, "सूर कुठाय रं?" "सूर न्हाय काका, बीट हाय." आधी मी कपाळ बडवून घेतलं. नंतर ध्येनात आलं, पोरं दोन ठोक्यात गाणं वळखत्यात, आन चुकत न्हाईत! सूर न लावता गाणं सांगणं, हे माझ्या बापजन्मात कुणाला जमलं न्हवतं. मंग मी बी शिकलो. काउंटरला खळगा पडला, त्यात लोकं पानाचा चुना ठेवाय लागली. जुनी गाणी नवीन ठेक्यावर आली तवा एका म्हाताऱ्यांस्नी मी ऐकवलं. ते डोळे झाकून ऐकत हुते. मधीच म्हणले, "आवाज आपलाच हाय, पण ह्याला फीट आलीया काय?"

वत्सलावहिनी गेल्याचं कळलं तवा मी घरी जाऊन आलो. कांबळेसाहेब पायरीवर बसलेले.

त्यानंतर सा-सात महिन्यांनी एका सकाळी साहेब बिद्रीची एसटी धरायच्या घाईत दुकानात आले. काउंटरवर दोन कॅसेटी ठेवल्या, दोन्ही एकाच कंपनीच्या, काळ्या.

"एकीत हिचं गाणं हाय," म्हणले. "जयंतीतलं. थोरल्या पोरानं टेप केलतं. अर्धा तास हाय, एका अंगाला. रोज ड्यूटीला जायच्या आधी लावतो, टेप घासत चाललीय. दुसरीत उतरून दे."

"कुठल्या कॅसेटीत हाय?"

"लिवलंय की त्याच्यावर," साहेब म्हणले. एसटीचा हॉर्न वाजला आन ते पळाले.

लिवलेलं दोन्हीवर हुतं. दोन्हीवर दोन-दोन शब्द. शेजारी चहावाला हुता, रस्त्यानं शिकलेली शंभर माणसं चालली हुती. कुणालाबी इचारलं असतं तर एका झटक्यात काम झालं असतं. पण 'गुणगुणून दाखवा' म्हणणारा जाणकार मारुतराव, तेनं इचारायचं कसं?

मी अक्कल लढवली. एका कॅसेटीवर तांबड्या शाईनं लिवलतं, दुसरीवर निळ्या. माझ्याकडं तांबडं म्हंजे भरायचं बटण. मंग तांबडी भरायची. तिची पाकळी मोडलेली हुती. तिथं तरी मी थांबाय पायजे हुतं. पाकळी मोडतंय कोण? ज्याला आतलं जपायचं हाय, त्यो. पण माझ्या बोटांनी बोळा कोंबला बी. दोन मशिनी, डबल स्पीड. तेवढ्यात एक गिऱ्हाईक काउंटर बडवाय लागलं, म्हणून मी आवाज बंद ठेवला हुता.

काम झालं. ऐकून बगितलं. तांबडीत शांतता. मला वाटलं, उतरलं न्हाय वाटतं. निळी लावली. शांतता. परत तांबडी लावली. उलट्या अंगानं लावली. कान लावून ऐकलं. नुसता सूं सूं असा आवाज, कोऱ्या टेपेचा.

कोऱ्या कॅसेटीतली शांतता मी वहिनींच्या आवाजावर भरली हुती. अर्धा तास, काटेकोर.

तांबड्या शाईत लिवलं हुतं 'पुसू नये'. निळ्यात लिवलं हुतं 'ह्यात भरावे'. हे मला नंतर कळलं. माझ्या आयुष्यात मी पयल्यांदा जे वाचाय शिकलो ते हेच चार शब्द, म्हणून तेवढ्यांचं शुद्धलेखन माझं पक्कं हाय.

रविवारी साहेब आले. तीन दिवस मी खोटं पाठ करून ठेवलतं. म्हणलं, "साहेब, टेप लई जुनी हुती. पावसानं बुरशी धरलीती. मशीनमधी घातली आन..."

साहेबांनी तांबडी कॅसेट हातात घेतली, पालथी केली. पाकळीच्या भोकात माझा कागदाचा बोळा तसाच हुता. तेंनी नखानं तो काढला आन काउंटरवर ठेवला.

"काट्यावर शेतकरी गाडीत दगुड घालून आणत्यात," साहेब म्हणले. "मला चाकाच्या आवाजावरनं कळतंय. खरं बोल."

"मला वाचाय येत न्हाय," मी म्हणलं.

"म्हंजे?"

"काय बी येत न्हाय. 'मारुती' सुद्धा न्हाय."

"एवढी वर्षं? कुणाला ठावच न्हाय?"

"न्हाय," मी म्हणलं. वहिनींचं नाव घेतलं न्हाय. गेलेल्या माणसावर घरच्या माणसाचा राग कशाला? त्यांनी गप ऱ्हायच्या ऐवजी नवऱ्याला सांगितलं असतं, तर साहेबांनी दोन कॅसेटी माझ्या हातात तशा दिल्याच नसत्या. हे माझ्या डोक्यात तीन दिवस फिरत हुतं.

साहेब वरडले असते तर बरं झालं असतं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी तिसऱ्यासाठी गाल म्होरं केला असता. ते खाली बघत म्हणले, "तिचा फोटो हाय घरात. फोटोत तोंड मिटलेलं हाय." आन वळले.

ते मिटलेलं तोंड म्हणल्यावर मला आठवलं. मी काउंटरवरनं उडी मारली, म्हंजे मारली असती, अडकलो. तिथनंच वरडलो, "साहेब! वहिनी हितं गायल्या हुत्या! माझ्या रफ कॅसेटीवर असंल!"

साहेब थांबले. "असंल म्हंजे?"

"म्हंजे मी पुसलं नसंल तर. रफ कॅसेटी मी परत परत वापरतो. आन कुठलीवर काय हाय, ते... लिवलेलं न्हाय."

"किती कॅसेटी हायत?"

"दीड पोतं."

साहेब आत आले. त्या फटीत दोन माणसं मावत न्हाईत, तरी आले. म्हणले, "काढ पोतं."

तिथनं चार रविवार, दुपारभर, आमी दोघं ऐकत बसलो. साहेब स्टुलावर, मी उलट्या बादलीवर. वरच्या कॅसेटी अलीकडच्या, खालच्या जुन्या. गिऱ्हाईक आलं की साहेबच सांगायचे, "आज बंद हाय."

मी त्या कॅसेटी कधी अशा सलग ऐकल्या न्हवत्या. माझ्या दृष्टीनं तो कचरा हुता. आन बगा, पोत्यात जसजसं खाली गेलो, तसं सगळं कोल्हापूर आमच्याम्होरं उलटं चालाय लागलं. वरच्या कॅसेटीत नुसते ठोके. माणूस हाय का सुतार, कळायचं न्हाय. त्याखाली हिंदी गाणी, पोरं शब्द घाईघाईनं म्हणत्यात, गळा थरथरवत्यात, पिक्चरातला हिरो असल्यासारखी. त्याखाली बारीक आवाजाच्या बाया, बारीक आवाजाचे बापय. आमचा पैलवान लागला तवा कांबळेसाहेब सा महिन्यांत पयल्यांदा हसले. म्हणले, "ह्याचं वजन आवाजावरनं करायचं म्हणलं तर मी नोकरीतनं गेलो असतो."

आन मधी मधी म्हातारी माणसं. रेडिओच्या पयल्या काळातली. ती गाताना आधी खाकरायची, टोपी नीट करायची, ते सुद्धा ऐकू येतंय. नाकातनं गायची, पण शब्द असा सोललेला, दाणा दाणा येगळा. त्यानंतरची, सकाळी रेडिओ ऐकलेली माणसं मऊ गायची. घरात कोण तर झोपलंय, त्याला जाग येऊ नये अशी. साहेब म्हणले, "धा माणसांच्या खोलीत एक रेडिओ असला की असंच गाणं येणार." मला हे कधी सुचलं न्हवतं. माणसं गाणं तर शिकत्यातच, पण ते ज्या पेटीतनं, ज्या खोलीत ऐकलं, ती पेटी आन ती खोली बी गळ्यात घेऊन फिरत्यात. आन मी त्या सगळ्यांस्नी रस्त्यात उभं करून गायला लावलं, का, तर मला चिठ्ठी वाचाय येत न्हवती म्हणून! मी बादलीवर बसून हात जोडले. कुणाला जोडले ठाव न्हाय. साहेबांनी बगितलं न बगितल्यासारखं केलं.

तिसऱ्या रविवारी दोन कॅसेटी अशा लागल्या की आतलं अर्धं पुसून मी वर भरलेलं. साहेब डबा न खाता घरी गेले.

चौथ्या रविवारी पोत्याच्या तळाला नऊ कॅसेटी उरल्या. पाचवी लावली. एक माणूस खोकला, एक पोरगी लाजली, आन मंग, "...माझ्यासारखीच, दांडगी. तिचं नाव ठाव न्हाय..."

साहेब उभे ऱ्हायले. स्टूल पडलं.

सूर लागला. तोंड मिटलेला. ते मशीन केवढंसं, त्याचा स्पीकर माझ्या तळहाताएवढा, पण त्या दिवशी बी फळीवरच्या डब्या टिकटिकल्या. का मला वाटलं तसं? न्हाय, साहेबांनी पण वर बगितलं. पानाच्या दुकानातला माणूस मान काढून बघाय लागला. एका मिनटाचं बी नसंल ते. थांबलं. मी बटण दाबाय हात म्होरं केला, तर आतनं आवाज आला.

"भाऊ, ही पाटी कुणी लिवली रं?"

मी त्या दिवशी तांबडं बटण बंद करायला इसरलो हुतो.

"का? झकास हाय की," माझा आवाज.

"येथे गाणी मरून मिळतील," वहिनी म्हणल्या आन हसाय लागल्या. असं हसणं, की तेंना धाप लागली. साहेब मशीनकडं वाकले. माझी फजिती सगळी ऐकली त्यांनी. मुद्दाम लिवलंय म्हणलेलं, चिठ्ठी उलटी धरलेली, शप्पत घातलेली. "न्हाय सांगत," वहिनी म्हणल्या. "पण शीक रं. मी शिकवतो की, दुपारी यीत जा." खटकन बटण. त्याच्यापुढं कुणाचा तर ठोक्याचा आवाज.

मी मशीन बंद केलं. मंग साहेब म्हणले, "न्हाय सांगत म्हणली, आन खरंच सांगितलं न्हाय रं तिनं. मला सुद्धा न्हाय."

मी म्हणलं, "साहेब, चूक माझी..."

"गप." तेंनी डोळे पुसले. "गेला हुतास का दुपारी शिकाय?"

"न्हाय."

"का?"

"लाज वाटली."

"आता वाटती?"

"आता उरलीच न्हाय."

साहेबांनी मला हाताला धरून रस्त्यावर आणलं आन पाटीखाली उभं केलं. "हे बग. ह्यो 'म'. आन हितं पायजे हुता 'भ'." माझी शाळा तिथनं चालू झाली, रस्त्यात, चहावाल्यासमोर. शंभर माणसांनी बगितलं. धंदा काय बसला न्हाय. उलट लोकं येऊन इचाराय लागली, कुठपर्यंत आलं मारुतराव, ज्ञ आला का?

ती कॅसेट उतरून द्यायची वेळ आली तवा मी हात लावला न्हाय. साहेबांनीच दोन्ही कॅसेटी मशिनीत घातल्या, दोनदा तपासल्या. उतरून झाल्यावर दोन्हीच्या पाकळ्या मी सोता मोडल्या. मंग साहेबांनी तांबडं पेन माझ्या हातात दिलं. 'पुसू नये' लिवायला मला तासभर लागला. 'ये'ची मात्रा डब्याच्या भाईर गेली.

कॅसेटी गेल्या, मंग सीड्या आल्या, मंग मोबाईलमधी गाणी भरून द्यायची दुकानं आली, मंग ती बी गेली. माझी फट आता शेजारच्या दुकानात मिळालीया. मधी एका लग्नात एक नवीन गाणं लागलतं, बाईचा आवाज असा भरदार, छातीतनं आलेला. सगळी पोरं नाचत हुती, आन मी कोपऱ्यात उभा ऱ्हाऊन म्हणत हुतो, वहिनी, आला बगा तुमचा टाइम, लई उशीर केला तेनं.

एक सांगायचं ऱ्हायलं. भ शिकल्यावर मी पिवळ्या रंगाची डबी आणली, शिडी लावली, आन पाटी दुरुस्त कराय वर चढलो. आपल्या हातानं आकडा काढायचा, हीच माझी परीक्षा म्हणलं. खाली साहेब एसटीला चाललेले. तेंनी वरडून सांगितलं, "मारुती, उतर खाली."

"का वो? येतोय मला 'भ'!"

"येतोय तर वहीत काढ. ती त्या कॅसेटीत 'मरून' वाचती. तू 'भरून' केलंस तर तिनं चुकीचं वाचलं असं हुईल."

मी उतरलो. पाटी आता माझ्या घराच्या दारावर हाय. पावणं येत्यात, वर बगत्यात, हसत्यात आन म्हणत्यात, "मारुतराव, ह्यात चूक हाय." मी म्हणतो, हाय तसं ऱ्हाऊ दे, एका बाईनं ते बरोबर वाचलंय.